दिसले नाहीत

परळच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
शवागाराच्या अलीकडच्या खोलीत
एकवीस वर्षं मी काचा वाचतोय.
निळ्या जमिनीवर तांबड्या काड्या शोधायच्या.
शंभर घरं पाहायची, मगच काच काढायची.
काड्या असल्या तर मोजायच्या,
नसल्या तर वहीत लिहायचं: 'दिसले नाहीत.'
'नाहीत' एवढंच मी कधी लिहीत नाही.
पहिल्याच आठवड्यात साहेबांनी शिकवलेलं
हे एवढंच माझं व्याकरण.

रत्नमाला येरुणकर, वय एकेचाळीस, काळाचौकी.
तिच्या पोटात सासूची किडनी आहे.
(वॉर्डात यावर हसून झालंय सगळ्यांचं.
दोघींचं पटावं म्हणून रोज अकरा गोळ्या,
अंगातले पहारेकरी निजवून ठेवणाऱ्या.
परक्याला परकं म्हणू नका,
दारात कुणी आलंच, तर भुंकू नका.)

पहारेकरी निजले. किडनी रुजली.
त्याच उघड्या दारातून
आणखी कुणीतरी आत आलं, अनवाणी.

खोकला म्हणावा तर घसा खाकरल्याएवढा.
ताप संध्याकाळचा, नव्व्याण्णव पॉइंट चार,
भांडी घासता घासता विसरण्याजोगा.
हातावर सुई टोचली, तिसऱ्या दिवशी पट्टी लावली.
कातडी सपाट.
रागवायलाही अंगात जोर लागतो.
गाठ, सूज, फुप्फुसातलं भगदाड
यातलं बरंचसं आजाराचं नसतं,
आपण त्याच्याशी भांडल्याचं असतं,
हे मला फार उशिरा कळलं.
एक्स-रे स्वच्छ. नुकत्या धुतलेल्या काचेसारखा.

थुंकीचे तीन नमुने. तिसरा मी दोनदा वाचला,
शंभराच्या जागी तीनशे घरं.
एका घरात वाटलं, आहे!
रंगाची गुठळी निघाली.
मशीननेही दोन तास घोकून तेच सांगितलं.

खिडकीशी रोज द्वारकाबाई. तीच सासू.
डाव्या कुशीवर हात ठेवून उभ्या,
जिथून काढून दिली तिथे.
"निगेटिव्ह? म्हणजे बरंच की रे!"
"बघू या," मी म्हणालो.
जाताना लिमलेटची गोळी ठेवून गेल्या.

मग स्कॅनमध्ये बाजरी दिसली.
कुणी मूठभर भिरकावल्यासारखे दाणे दोन्हीकडे,
साध्या फोटोच्या नजरेतून निसटलेले.
पण बाजरी म्हणजे तोच, असंही नाही.
बुरशीसुद्धा अशीच पेरते.
औषध द्यावं, तर ते औषध
निजवणाऱ्या गोळ्या फस्त करतं,
किडनी जाऊ शकते.
न द्यावं, तर.
मोठ्या डॉक्टरीणबाई जिन्यात उभ्या
पेनचं टोपण उघडत होत्या, लावत होत्या, उघडत होत्या.

दुर्बीण घालून फुप्फुस धुतलं.
कमरेच्या हाडातला मगज ओढला.
नळ्या माझ्याकडे आल्या, मी उबेत ठेवल्या.
हा जंतू सावकाश वाढतो,
बेचाळीस दिवस वाट बघा म्हणतो.
बाईंनी बघितली नाही.
चौथ्या दिवशी औषध सुरू केलं,
अंदाजावर, खाली स्वतःची सही करून.

तेविसाव्या दिवशी मगजाची नळी बोलली.
काच रंगवली.
निळ्यावर तांबड्या, दोरखंडासारख्या पिळलेल्या.
खोलीत कुणी नसताना मी मोठ्याने म्हणालो, "हा घ्या!"
आणि लगेच शरमलो.

वहीत मागे गेलो. माझ्याच अक्षरात तीनदा:
दिसले नाहीत.
खोडण्यासारखं काही नव्हतं.

द्वारकाबाईंना खिडकीतून सांगितलं.
"सापडला गं बाई एकदाचा,"
जत्रेत चुकलेलं पोर मिळाल्यासारख्या म्हणाल्या.
रत्नमाला वर तिसऱ्या मजल्यावर
अर्धी भाकरी खाऊन झोपली होती.
ताप आठवड्यापूर्वीच उतरलेला.

"आणि माझी कशी आहे?"
कशाबद्दल विचारतात, ते कळायला मला क्षण लागला.
त्यांचा हात अजून डाव्या कुशीवर.
"ते इथे नाही, आजी," मी म्हणालो,
"वरच्या मजल्यावर मोजतात."